साडेअडतीस इंच

गुडघा स्टिअरिंगवर आपटला तेव्हा नेव्हिल गार्साइडला वाटलं, आपणच नीट बसलो नाही. तो उतरला. उतरायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्यांवर हात टेकून स्वतःला वर उचलायचं. या गाडीला दारं नव्हती, छप्पर नव्हतं, आणि सीट जागच्या जागी पक्की, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होती. तो पुन्हा आत शिरला, पाठ घट्ट टेकवली, पाय पुढं सोडले. पाय पुढं गेलेच नाहीत. तिन्ही पेडलं लगेच आडवी आली, गुडघे वर उचलले गेले आणि उजवा गुडघा चाकाच्या खालच्या कडेला लागला, मघाच्याच जागी. जानेवारीतला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. गॅरेजमधल्या हीटरच्या दोन कांड्यांपैकी एकच लाल झाली होती. दाराखालच्या फटीतून आलेल्या हिमाची एक बारीक ओळ सिमेंटवर पडून होती, ती वितळत नव्हती. सव्वादोन महिने तो या गाडीभोवती वाकला होता, रांगला होता, तिच्याखाली उताणा पडला होता. तिच्यात बसला मात्र आजच होता, कारण सीटा आणि चाक आजच लागलं होतं. तो गुडघा चोळत तसाच बसून राहिला. फारसं दुखत नव्हतं. काहीतरी चुकलंय हे मात्र दुखायच्या आधी कळलं होतं.

गाडी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली होती, सात खोकी आणि एक उघडा सांगाडा मिळून. बेल वाजली तेव्हा नेव्हिल ओट्याशी उभा राहून टोस्ट खात होता. बसून खाणं त्यानं जूनपासून सोडलं होतं. ट्रकवाला म्हणाला, "गाडी आणलीय, बदका." डर्बीकडे बसच्या ड्रायव्हरपासून डॉक्टरपर्यंत सगळे एकमेकांना बदक म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. कुठली गाडी, असं नेव्हिलनं विचारलं. ट्रकवाल्यानं कागद बघितला, घराचा नंबर बघितला, मग नेव्हिलच्या हातातला टोस्ट बघितला आणि म्हणाला, "तुमचीच. फक्त जोडायची बाकी आहे." लिंकनशरमधल्या पाच माणसांच्या कंपनीकडे चौदा महिन्यांपूर्वी मागणी नोंदवलेली होती. ती कंपनी वर्षाला वीसेक सांगाडे करायची, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा वेगळा, म्हणून वेळ लागायचा. मागणी सप्टेंबरात त्यानं आणि त्याच्या बायकोनं, थेल्मानं, मिळून नोंदवली. पुढच्या जानेवारीत थेल्माच्या पोटात दुखायला लागलं आणि जूनमध्ये ती वारली. मधल्या काळात लिंकनशरमध्ये कुणीतरी नळ्या कापून जोडत होतं, हे नेव्हिलच्या डोक्यातून पार निघून गेलं होतं. ट्रकवाल्यानं खोकी गॅरेजच्या दाराशी उतरवून ठेवली, सही घेतली, थेल्मानं लावलेल्या गुलाबाच्या आळ्यावरून एक चाक नेलं आणि तो निघून गेला. गाडी परत पाठवायची तर पुन्हा कुणाला तरी फोन करावा लागला असता. जूनमध्ये नेव्हिलनं एवढे फोन केले होते की आता फोन उचलायचा म्हटलं तरी हाताला जड वाटायचं. त्यानं पहिलं खोकं उघडलं. वरच पुस्तिका होती. पुस्तिकेत एका पानावर एकच काम होतं: मागचा आस लावा, चार बोल्ट, प्रत्येक इतका इतका घट्ट. त्यात कुणी कुणाचं सांत्वन करत नव्हतं. ते त्याला बरं वाटलं. रोज एक पान, असं त्यानं ठरवलं.

शेजारचा लेन टॉमलिन दुपारी डोकावला. लेननं रेल्वेच्या कारखान्यात अडतीस वर्षं वेल्डिंग केलं होतं आणि आता तो कुणाच्याही गॅरेजचं दार उघडं दिसलं की आत यायचा. नेव्हिलला तसा बसलेला बघून तो दारातच थांबला. "बाळंतिणीसारखा काय बसलायस?" त्यानं विचारलं. मग तो वाकला, पेडलं बघितली, ती धरून ठेवणारे, सांगाड्याला वेल्ड केलेले तीन लोखंडी कंस बघितले आणि म्हणाला की चूक कंपनीची आहे, या मापात शाळेतली पोरगी बसेल, सोमवारी सकाळी फोन कर आणि ऐकव चांगलं. नेव्हिल म्हणाला, करतो. लेननं हीटरची बंद कांडी बुटाच्या टोकानं ढोसली, ती लागली नाही, आणि तो चहाची वाट बघत खोक्यावर बसला.

सोमवारी फोनवर फिलिप नावाचा माणूस होता. तो नम्र होता. त्यानं फाइल काढली, कागद चाळल्याचा आवाज आला. "फॉर्मवर आहे तसंच केलंय, मिस्टर गार्साइड. ड्रायव्हर साडेअडतीस इंच. शेजारचा सव्वाचव्वेचाळीस." नेव्हिल म्हणाला, उलटं झालंय, सव्वाचव्वेचाळीस मी आहे. फिलिप म्हणाला, "आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण फॉर्मवर खाडाखोड आहे आणि खाडाखोडीपाशी सही आहे. म्हटलं, विचार करूनच लिहिलंय."

फॉर्मची नक्कल दुपारी कॉम्प्युटरवर आली. अक्षर थेल्माचं होतं, उभं आणि सुटं. ड्रायव्हरच्या रकान्यात आधी सव्वाचव्वेचाळीस लिहिलेलं होतं. त्यावरून एकच सरळ रेघ मारलेली होती, पट्टी धरून मारल्यासारखी. खाली साडेअडतीस. बाजूला तिची दोन आद्याक्षरं: टी. जी. शेजारच्या रकान्यात तेच, उलट क्रमानं, पुन्हा टी. जी. नेव्हिलनं ते कितीतरी वेळ बघितलं. थेल्मा सव्वीस वर्षं पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायची. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायची, वहीत आकडे लिहायची, आणि आकडा बदलला तर जुन्यावर एकच रेघ मारून शेजारी सही करायची. गिरवायची नाही, खोडरबर वापरायची नाही. कापणाऱ्या बाईला कळलं पाहिजे, ती सांगायची, की हे चुकून झालेलं नाही. घरातल्या किराण्याच्या यादीतसुद्धा ती असंच करायची. एकदा 'बटाटे' खोडून तिनं 'रताळी' लिहिलं होतं आणि शेजारी टी. जी. नेव्हिल ती यादी घेऊन बाजारात उभा राहून हसला होता. आता त्याला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि त्या दिवसाचं पान, मागच्या दिव्यांच्या वायरींचं, पुरं केलं.

माप घेतलं तो दिवस त्याला आठवत होता, पण आठवणीत नको तिथं भोकं होती. पुस्तिकेच्या आधी कंपनीनं एक कागद पाठवला होता: जमिनीवर बसा, पाठ भिंतीला लावा, पाय समोर ताठ ठेवा, भिंतीपासून टाचेपर्यंत मोजा. गॅरेज तेव्हा रिकामं होतं. थेल्मानं शिवणाची टेप आणली होती आणि खुणेचा निळा खडू. तो आधी बसला. तिनं त्याच्या टाचेपाशी खडूनं छोटी कमान काढली आणि टेप लावली. मग ती त्याच्या शेजारी येऊन बसली, "आता माझं घे," म्हणाली. तिनं घरातले मोजे घातले होते, अंगठ्यापाशी रफू केलेले. त्यानं तिच्या टाचेची कमान काढली आणि आकडा मोठ्यानं सांगितला. ते दोघं तसेच थोडा वेळ भिंतीला टेकून बसले होते, पाय समोर पसरून, आणि ती म्हणाली होती की आपण पत्र्याच्या डब्यातल्या माशांसारखे दिसतोय. एवढं नक्की. ती कुठल्या बाजूला बसली होती, हे आठवत नव्हतं. गाडी उभी होती त्याच जागी त्यांनी माप घेतलं होतं. बुधवारी त्यानं विजेरी घेतली आणि तो गाडीखाली सरकला. पाठीला सिमेंटचा गारठा लागला. मागच्या भिंतीपासून पुढं दोन निळ्या कमानी होत्या, तेलाच्या एका थेंबानं अर्धवट पुसलेल्या. लांबची डावीकडे. जवळची उजवीकडे. डावीकडची मोकळी जागा सोडून तिनं त्याच्या उजव्या हाताला बसायचं, म्हणजे तिला त्याच्या पसरलेल्या पायांना वळसा घालून भिंतीपर्यंत यावं लागलं असणार. तो विजेरी मालवून गाडीखालीच पडून राहिला. वर सांगाड्याच्या नळ्या होत्या, त्यांच्यावर सीटचा तळ. तिची सीट, असं त्याच्या मनात आलं, आणि मग, नाही, ड्रायव्हरची सीट.

नेव्हिल एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होता. एकतीस वर्षं तो डाव्या बाजूला बसला. शिकवण्याच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याला तो दिसत नाही, पण तो आहे हे त्याला ठाऊक असतं. चांगला शिक्षक तो वापरत नाही, असं म्हणतात. नेव्हिल वापरायचा. त्याच्या उजव्या पायाला सवय झाली होती. पायाला धोका डोळ्यांच्या आधी दिसायचा, असं तो अभिमानानं सांगायचा. परीक्षेच्या दिवशी मात्र नियम कडक: परीक्षकाचा पाय ब्रेकवर गेला की शिकणारा नापास, मग पुढं काही बोलणं नाही. घरच्या गाडीत तो उजवीकडे बसायचा आणि थेल्मा डावीकडे. थेल्मा गाडी चालवत नव्हती. याची गोष्ट तो लोकांना सांगायचा, लग्नांत, वाढदिवसांना: तीन हजार माणसं रस्त्यावर आणली, एक बायको तेवढी जमली नाही. लोक हसायचे. थेल्माही हसायची आणि खाण्याची बशी पुढं करायची.

खरी गोष्ट एवढीच होती, की त्र्याऐंशी सालच्या एका रविवारी तो तिला गोदामांकडच्या सर्कलपाशी घेऊन गेला होता. तो तिचा सहावा धडा. ती चांगली चालवत होती. हात हलका होता, आरशात वेळेवर बघत होती. उजवीकडून दुधाची व्हॅन येत होती आणि त्याच्या पायानं ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन थांबली, दोघांची डोकी पुढं गेली, व्हॅन शांतपणे समोरून निघून गेली. "मला दिसली होती," थेल्मा म्हणाली. काय, असं त्यानं विचारलं. "व्हॅन. मला दिसली होती. मी थांबतच होते." तो म्हणाला की खबरदारी म्हणून. तिनं हातब्रेक ओढला, गाडी बंद केली, किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मग ती उतरली, गाडीला वळसा घालून डाव्या दारापाशी आली आणि तो उतरायची वाट बघत उभी राहिली. रागावलेली दिसत नव्हती. तिनं केसांतली पिन काढून पुन्हा लावली. सातवा धडा झाला नाही. या आठवणीत भोकं नव्हती. पिनेचा रंगसुद्धा त्याला आठवत होता, तपकिरी. ही गोष्ट त्यानं कधी कुणाला अशी सांगितली नव्हती, आणि स्वतःलाही बहुधा ती लग्नातल्या गोष्टीसारखीच सांगत आला होता.

वीस मार्चला गाडी सरकारी तपासणीला न्यायची होती. घरी जोडलेली गाडी तिथं पास झाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. त्याआधी पेडलं पुढं सरकवायची की नाही, एवढं एकच ठरवायचं होतं. लेनच्या मते त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. तीन कंस कापायचे, पावणेसहा इंच पुढं न्यायचे, पुन्हा वेल्ड करायचे. अर्ध्या दिवसाचं काम. त्यानं लोखंड कापायचा ग्राइंडर आणून कोपऱ्यात ठेवला, वेल्डिंगचा मुखवटा खिळ्याला टांगला. रोज येऊन तो विचारायचा, आज? नेव्हिल म्हणायचा, आज वायपर लावतोय. आज आरसा. आज बोल्टांना टोप्या घालतोय. तपासणीत मुठीएवढा एक गोळा गाडीच्या आतून सगळीकडून फिरवतात आणि तो जिथं जिथं टेकेल तिथं टोकदार काही चालत नाही, म्हणून प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर रबराची टोपी बसवायची असते. अशा एकशे चाळीस टोप्या होत्या. नेव्हिलनं त्या चार दिवस पुरवल्या. एकदा त्यानं ग्राइंडर हातात घेतलाही. पहिल्या कंसापाशी पाती नेली, बटणावर अंगठा ठेवला. कंसावरचं वेल्डिंग सुरेख होतं, माशाच्या खवल्यांसारखं एकसारखं. साडेअडतीस इंचांवर कुणीतरी काळजीपूर्वक थांबलं होतं. त्यानं ग्राइंडर खाली ठेवला. कापलं नाही तर ही गाडी तो कधीच चालवू शकणार नव्हता. कापलं तर तिनं पट्टी धरून मारलेली रेघ खोडल्यासारखं होणार होतं, आणि तिथं सही करायला कुणी नव्हतं. शिवाय तिला काय हवं होतं हेच त्याला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षं ज्या बाईशेजारी झोपलो तिनं एका रकान्यात एक आकडा का लिहिला, हे सांगता येत नव्हतं. ही गोष्ट त्याला तिच्या जाण्यापेक्षा निराळ्या तऱ्हेनं टोचत होती. जाणं सगळ्यांना माहीत होतं. लोक त्याबद्दल कार्डं पाठवत होते.

फेब्रुवारीत एका गुरुवारी तो फॉर्मची नक्कल खिशात घालून ऑड्रीकडे गेला. ऑड्री थेल्माची धाकटी बहीण, ब्रॅसिंग्टन गावाच्या वरच्या अंगाला एकटी राहायची, कोंबड्या पाळायची. थेल्मा दर गुरुवारी बसनं तिच्याकडे जायची आणि संध्याकाळी अंडी घेऊन यायची. नेव्हिल अंत्यविधीनंतर तिकडे गेला नव्हता. ऑड्रीनं त्याला बघून, बारीक झालायस, म्हटलं आणि हातात दाण्यांची बादली दिली. फॉर्म तिनं चष्मा न लावता लांब धरून वाचला. मग तो घडी करून त्याच्या खिशात परत घातला. दोघांनी कोंबड्यांना दाणे टाकले. घरामागून तळ्यापर्यंत जाणारी खासगी वाट होती, दोन्ही बाजूंना दगडांच्या रचलेल्या भिंती आणि मध्ये गवताची पट्टी. रात्रीच्या गारठ्यानं चाकोऱ्यांमधलं पाणी गोठलं होतं. ऑड्री फाटकाला टेकली आणि त्या वाटेकडे बघत म्हणाली, "अकरा वर्षं चालवत होती. दर गुरुवारी. इथून तळ्यापर्यंत आणि परत."

नेव्हिलनं विचारलं, कुठल्या गाडीतनं. माझ्या, ऑड्री म्हणाली. खासगी वाट, लायसन लागत नाही, पोलीस विचारत नाही. पहिल्या वर्षी एकदा भिंतीला घासली, तो ओरखडा अजून आहे, दाखवते. पुढं पुढं तर कंटाळा आला की ती तळ्यापासून घरापर्यंत उलटी आणायची, पूर्ण वाट, मान मागं वळवून, आणि दाराशी येऊन हॉर्न वाजवायची. मग चहा. नेव्हिलनं वाटेकडे बघितलं. वाट अरुंद होती, शेवटी चढाची होती, उलटी आणायला त्याच्या चांगल्या शिष्यांनाही जड गेली असती. ब्रेक कसा लावायची, त्यानं विचारलं, लवकर की ऐनवेळी? ऑड्रीनं त्याच्याकडे असं बघितलं जणू त्यानं मेलेल्या माणसाचे दात मोजायला मागितले.

"मला काय माहीत. मी कोंबड्या बघायचे."

"मला का नाही सांगितलं तिनं?"

"सांगितलं असतं तर तू येऊन शेजारी बसला असतास."

ती हे टोमण्यासारखं म्हणाली नाही. बाहेर थंडी आहे, असं सांगावं तसं म्हणाली. मग बादली घेऊन ती घरात गेली आणि तो फाटकापाशी उभा राहिला. एका चाकोरीवरच्या बर्फावर त्यानं बुटाची टाच दाबली. बर्फ फुटलं, खालून तपकिरी पाणी वर आलं. निघताना तिनं सहा अंडी दिली, थेल्माला द्यायची त्याच खोक्यात. खोक्याच्या झाकणावर 'बारा' खोडून 'सहा' केलेलं होतं आणि शेजारी टी. जी.

घरी आल्यावर त्यानं लेनला ग्राइंडर परत दिला. लेन म्हणाला, वेडा आहेस का, मग चालवणार कोण? नेव्हिल म्हणाला की ते नंतर बघू. लेननं मुखवटा खिळ्यावरून काढला, जाता जाता डोक्यावर घातला आणि आतून काहीतरी बोलला, ते ऐकू आलं नाही. काही तरी ठरलं होतं खरं, पण नेव्हिलला हलकं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तिकेत पान उरलं नव्हतं. हात रिकामे होते. दुपारी त्यानं ॲल्युमिनियमचा जाड तुकडा घेतला, तळहाताएवढा कापला, शिकंज्यात धरून थोडा वाकवला आणि दोन बोल्ट मारून गाडीच्या डाव्या बाजूला, जमिनीच्या पत्र्यावर बसवला. पाय टेकायला काहीतरी हवं, असं तो मनाशी म्हणाला. सीट खाली आहे, पाय ताठ राहतात, लांबच्या प्रवासात पोटऱ्या भरून येतात. जागा ठरवायला त्यानं टेप लावली नाही. हातानं अंदाज घेतला आणि तो एका फटक्यात बरोबर आला. संध्याकाळी लेननं तो तुकडा बघितला. हे पुस्तिकेत आहे का, त्यानं विचारलं. नाही, नेव्हिल म्हणाला. लेननं बोटानं तुकडा दाबून बघितला. "याला एक तार बांध," तो म्हणाला, "म्हणजे ब्रेकही लागेल."

वीस मार्चला पाऊस नव्हता, नुसतं पांढरं आभाळ. लेननं आपल्या गाडीमागं ट्रेलर लावून नेव्हिलची गाडी त्यावर ओढत नेली. वाटेत प्रत्येक सिग्नलला लोक वळून बघत होते आणि लेन त्यांना राजासारखा हात करत होता. तपासणी करणारी बाई पन्नाशीची होती, बुटकी, अंगात खात्याचं निळं जाकीट, नाकाचा शेंडा थंडीनं लाल झालेला. तिनं नेव्हिलचे कागद घेतले, लेनला कुंपणाबाहेर थांबायला सांगितलं आणि कामाला लागली. दोन तास ती गाडीभोवती वाकली, रांगली, तिच्याखाली उताणी पडली. गोळा तिनं आतून सगळीकडे फिरवला, हळू, कान देऊन ऐकत असल्यासारखा. एकशे चाळीस टोप्यांवरून तो घसरत गेला. मग डाव्या बाजूला, खाली, तो अडला. ती वाकली.

"हे काय?"

"पाय टेकायला," नेव्हिल म्हणाला.

"कुणाचा?"

"माझा."

तिनं गोळा जाकिटाच्या खिशात टाकला. "म्हणजे गाडी तुम्ही नाही चालवणार?"

नाही, असं म्हणताना त्याचा आवाज नेहमीसारखाच आला. मग तिनं पेडलांकडे बघितलं, त्याच्या उंचीकडे बघितलं. "माझ्या बायकोच्या मापाची आहे," तो म्हणाला. ती आली नाही का, बाईंनी विचारलं. नाही आली. बाईंनी कागदावर खूण केली. हा तुकडा टोकदार आहे, त्या म्हणाल्या, असा चालणार नाही, पाना असेल तर आत्ताच काढा, म्हणजे मला लिहायला नको. नेव्हिलकडे पाना होता. त्यानं गुडघे टेकून दोन्ही बोल्ट सोडवले. तुकडा हातात आला, हलका, थंड. दोन भोकं उरली, त्यांत त्यानं रबराच्या दोन टोप्या दाबल्या. तुकडा कुठं ठेवावा हे न सुचून त्यानं तो कोटाच्या खिशात घातला, तिथं फॉर्मची घडी होती.

बाई गाडीत बसल्या. नळ्यांवर हात टेकून त्या आत घसरल्या, एकदा सरसावून बसल्या आणि सगळं बरोबर आलं. पाय पेडलांवर, कोपर जेवढं वाकायला हवं तेवढं, चाक आणि गुडघ्यांमध्ये चार बोटांची जागा. नेव्हिल बघत राहिला. आवारात दोन फेऱ्या मारायच्या आहेत, बाई म्हणाल्या, ब्रेक बघायचाय. काही खडखडलं तर कुठून ते तुम्हालाच कळेल. "बसा शेजारी, बदका."

या गाडीच्या डावीकडे तो कधी बसला नव्हता. त्यानं वळसा घातला, आत उतरला, पाठ टेकवली, पाय पुढं सोडले. ते पूर्ण गेले. टाच जिथं संपली तिथंच गाडीची पुढची भिंत होती, बोटभर अंतर सोडून. कुठंही काही लागत नव्हतं. त्याला कुणीतरी नीट मापून ठेवलं होतं. खांद्याला बाईंचं जाकीट घासत होतं. दोन सीटांमध्ये एवढीच जागा होती. इंजिन सुरू झालं आणि त्याची थरथर नेव्हिलच्या मांड्यांतून वर आली. आवाराच्या त्या टोकाला जमिनीवर पांढरी रेघ होती, रेघेपलीकडे विटांची भिंत. गाडी वेग घ्यायला लागली. गार वारा डोळ्यांत शिरला. भिंत जवळ आली, आणखी आली, आणि त्याचा उजवा पाय सपकन पुढं जाऊन पत्र्यावर दाबला गेला. पातळ पत्रा टण्‌ करून आत वाकला. त्यानंतर, नंतरच, गाडी सरळ रेघेत थांबली. "काय वाजलं?" बाईंनी विचारलं. माझा पाय, तो म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि गाडी वळवली. कुंपणापाशी लेन दोन्ही अंगठे वर करून उभा होता, तो मागं गेला.

दुसऱ्या फेरीत त्या थोड्या जास्त वेगानं निघाल्या. नेव्हिलनं भिंतीकडे बघितलं नाही. त्यानं आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. बूट काळा होता, नाडीचं एक टोक सुटलं होतं, वाऱ्यानं फडफडत होतं. शेजारी दोन रबरी टोप्या. पाय पुढं निघाला तेव्हा त्याला तो निघताना दिसला. त्यानं तो मागं ओढला, गुडघ्यात दुमडला आणि टाच सीटखाली दाबून धरली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. आता त्याच्याजवळ करण्यासारखं काहीच नव्हतं. वारा, इंजिनाचा आवाज, शेजारचं जाकीट. मला दिसली होती, मी थांबतच होते. हे किती वेळ चाललं ते त्याला सांगता आलं नसतं.

गाडी थांबली. त्यानं मान वर केली. रेघ अजून वीतभर पुढं होती.